तीन किलोवॅटचं सोलर आणि वायरिंगचे चोपन्न हजार

मामांचा फोन गणपतीच्या आधी आला. "आरं, तीन कोटेशनं आलीत. एक लाख अडुसष्ट, एक लाख पंच्याण्णव आणि तिसरा दोन लाख वीस म्हणतोय. पॅनेल तेच, इन्व्हर्टर तोच. मग मधले बावन्न हजार कशाचे? तू बघून सांग."

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, सोलरचा धंदा करत नाही. मामांच्या घरच्या कामाचा सगळा हिशेब मात्र वहीत ठेवला, कारण कोटेशनं वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. पॅनेलचा भाव वॉटमागे ठरलेला असतो, त्यात कुणी फार इकडे-तिकडे करू शकत नाही. घरागणिक बदलतं ते वायरिंग, आणि नेमकं तेच तिन्ही कोटेशनांत एका ओळीत उरकलं होतं: "इलेक्ट्रिकल काम, अर्थिंग व इतर साहित्य समाविष्ट."

घर साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला. १९९४ चं बांधकाम, वर स्लॅबची गच्ची, दक्षिणेला काही आडवं येत नाही. सिंगल फेज जोडणी, महिन्याला सरासरी २४० युनिट. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटवरही भागलं असतं. पण पुढे वरच्या खोलीत एसी येणार, आणि पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० वर थांबतं. म्हणून मामांनी तीन ठरवलं. या अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सेलचंच लागतं. ५४० वॉटची सहा पॅनेलं आणि त्यांच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असा बेत ठरला.

तिघांनाही मी एकच प्रश्न पाठवला: एसी केबल (इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची) किती एमएमची आणि किती मीटर धरली आहे, अर्थिंगचे खड्डे किती, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) कोणता? स्वस्तवाल्याचं उत्तर, "साहेब, काळजी करू नका, सगळं येतं त्यात." दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं: अडीच एमएमची केबल १५ मीटर, दोन खड्डे, अरेस्टर नाही. महागवाल्याने दहा फूट उंच स्ट्रक्चर, त्यावर चालायला जाळी आणि भारीतला अरेस्टर धरला होता. काम चांगलं, पण मामांना गच्चीवर मांडव घालायचा नव्हता. मधल्याने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोड करून पाठवली. काम त्याला मिळालं ते या एका मेसेजमुळे.

जीएसटी सोडून त्याची मूळ रक्कम १,७२,०००. त्यात पॅनेलं ८१,०००, इन्व्हर्टर २४,०००, स्ट्रक्चर २४,०००, वाहतूक-कागदपत्रं-नफा १४,०००. उरलेले २९,००० इलेक्ट्रिकल कामाचे. त्यांचीही फोड होती: डीसी आणि एसी पेट्या मिळून ५,५००, चार एमएमची डीसी केबल (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची) ४० मीटर २,२००, चार एमएमची दोन कोअर तांब्याची एसी केबल २० मीटर ३,०००, अर्थिंगचे तीन खड्डे ८,४००, अरेस्टर २,५००, पाइप-क्लॅम्प-कनेक्टर २,४०० आणि मजुरी ५,०००. मूळ रकमेच्या १७ टक्के. कागदावर ठीक वाटत होतं.

मामांना घाई नव्हती, आणि ती नसल्याचा फायदा झाला. सोलरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी, १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवण्यासकट काम दिलं की रकमेचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के सेवा धरतात, आणि सेवेवर १८ टक्के कायम आहे. म्हणजे एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्के झाला. १,९५,७३६ चे १,८७,३०८ झाले. वाचलेले ८,४२८ कुठे गेले ते पुढे येईलच. ऑर्डर दसऱ्यानंतर दिली आणि दिवाळी उरकल्यावर काम सुरू झालं.

पहिल्या रविवारी मी टेप घेऊन गेलो. इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्याच्या खोलीत ठरला होता, सावलीत आणि हाताच्या उंचीवर. मीटर मात्र फाटकाच्या भिंतीत. जिन्यातून खाली, घराला अर्धा वळसा, मग अंगणाच्या कडेने फाटकापर्यंत. भिंतीवरून जशी केबल जाईल तशी टेप धरली, ३८ मीटर भरले. कोटेशनात २० होते. सर्व्हेला आलेल्या पोराने गच्चीवरून खाली बघून अंदाजाने आकडा टाकला होता.

अठरा मीटर केबल जास्त लागली, एवढ्यावर विषय संपत नाही. सोलरची वीज घरातून बाहेर जाते, आणि पाणी चढावर ढकलावं तसं इन्व्हर्टरला मीटरवरच्या व्होल्टेजपेक्षा थोडं वर जाऊनच ती ढकलावी लागते. केबल जितकी लांब आणि बारीक, तितकं जास्त वर. मामांच्या घरापासून डीपी (ट्रान्सफॉर्मर) चार खांबांवरच आहे, त्यामुळे दुपारी लोड कमी असताना मीटरवर २४७ व्होल्ट दिसत होते. इन्व्हर्टरची वरची मर्यादा २५३. तीन किलोवॅटला साधारण १३ अँपिअर. जाऊन-येऊन ७६ मीटर तार. स्वस्तवाल्याची अडीच एमएमची केबल असती तर तिच्यातच ७.३ व्होल्ट चढले असते: २४७ अधिक ७.३, म्हणजे २५४.३. ऐन उन्हात, बाराच्या ठोक्याला, इन्व्हर्टर "ग्रिड व्होल्टेज जास्त" म्हणून बंद. मग कंपनीच्या माणसाने यायचं, इन्व्हर्टर तपासायचा, तो चांगलाच निघणार, आणि तक्रार महावितरणकडे ढकलायची. अशा दोन भांडणांत मी मध्यस्थ म्हणून बसलो आहे. दोन्हीकडे दोष केबलचा होता.

मधल्याची चार एमएमची केबल ४.६ व्होल्ट चढवते, म्हणजे २५१.६. काठावर पास. मी सुचवलं ते जुन्या लोकांना पटतं, नव्यांना कमीपणाचं वाटतं: बाहेरच्या धावेला ॲल्युमिनियमची १६ एमएमची आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची केबल. तिच्यात दोनच व्होल्ट जातात, उंदीर कुरतडत नाहीत, आणि दर मीटरला १४० रुपयांत मिळाली. फक्त दोन्ही टोकांना बायमेटल लग (तारेकडे ॲल्युमिनियम, स्क्रूकडे तांबं असलेली टोकं) घालावे लागतात. ॲल्युमिनियम थेट पितळी स्क्रूखाली आवळलं की दोन पावसाळ्यांत तिथे काळं पडतं. ४० मीटरचे ५,६००, ग्लँड आणि लगचे ६००, त्यातून कोटेशनातल्या तांब्याचे ३,००० वजा. जास्तीचे ३,२००.

आता अर्थिंग. सोलरला तीन लागतात: एक पॅनेल आणि स्ट्रक्चरचं, एक इन्व्हर्टर आणि एसी पेटीचं, एक लाइटनिंग अरेस्टरचं. कोटेशनात दोन मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती केमिकलची पावडर, वर प्लॅस्टिकचं झाकण असं होतं. पण आपली जमीन कोटेशन वाचत नाही. साताऱ्यात वर दोन फूट माती, मग मुरूम, आणि चार फुटांवर पहार टण्णकन उडते. खाली काळा पाषाण. खड्डा खणणाऱ्याने कपाळाचा घाम पुसला आणि अगदी सहज विचारलं, "रॉड कापून टाकू का साहेब? वरून झाकणच तर दिसतंय."

त्याचं चुकलं म्हणायला जीभ धजत नाही, कारण त्याला खड्ड्यामागे पैसे मिळतात, ओहममागे नाही. ओहम म्हणजे जमिनीत जाताना विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. असे कापलेले रॉड किती घरांत असतील कुणास ठाऊक. सोलरच्या फाइलीत अर्थिंगचा रिपोर्ट लागतो आणि त्यावर ५ ओहमच्या आतला आकडा असतोच, मग अर्थ टेस्टर गाडीतून खाली उतरलेला असो वा नसो.

मी कारखान्यातून टेस्टर आणला होता. रॉड चार फूट गेला होता तिथेच ठेवून, दोन खुंट्या लांब ठोकून मोजलं: ४२ ओहम. मामा शेजारी उभे. "बेचाळीस म्हंजे चांगलं का वाईट?" म्हटलं, "मामा, पाच हवेत." ते खाली बसले आणि खड्ड्याकडे बघत राहिले.

खडकात खोल जाण्यात अर्थ नव्हता. ड्रिल लावून दहा फूट गेलो असतो तरी खडकाला वीज धरवत नाही. ओल वरच्या मातीत होती, आणि सगळ्यात जास्त ओल मामींच्या फुलझाडांच्या वाफ्यांत, जिथे रोज संध्याकाळी पाइप सोडलेला असतो. कुंपणाच्या दोन बाजूंनी, ११ आणि ९ मीटर, दोन फूट खोल चर खणला आणि त्यात २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी आडवी टाकली. तिन्ही खड्डे आपापल्या जागी ठेवले, पण खाली या पट्टीला जोडून टाकले, म्हणजे जवळपास वीज पडली तर एका अर्थिंगमधून दुसरीकडे उडी मारायला व्होल्टेजचा फरक राहत नाही. जास्वंदीची दोन झाडं हलवावी लागली, त्यावरून जे ऐकावं लागलं ते हिशेबात धरलेलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोजलं तेव्हा ४.४ ओहम. पावसाळ्यात मोजलेला आकडा नेहमीच गोड असतो, डिसेंबरातला जास्त खरा. चराची मजुरी ३,०००, पट्टी १,२००, केमिकलच्या जादा दोन पिशव्या १,२००, क्लॅम्प आणि वेल्डिंग १,१००. जास्तीचे ६,५००.

एवढं झाल्यावर मीटरखालची पेटी उघडली आणि खरं दुखणं दिसलं. लाकडी फळीवर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज, एकात फ्यूज वायरऐवजी तांब्याची दुहेरी तार पिळून घातलेली. मेन स्विचचं हँडल अर्ध्यावर अडकत होतं. न्यूट्रलचा स्क्रू जळून निळसर झालेला. तिथून घरात जाणाऱ्या सात-वीसच्या (वीस गेजच्या सात तारा पिळलेल्या) जुन्या तारेचं आवरण बोटाने दाबलं की बिस्किटासारखं तुटत होतं. घराचं जुनं अर्थिंग म्हणजे एक जीआय पाइप होता, तो जमिनीच्या पातळीला गंजून तुटला होता. गीझर, मिक्सर, धुण्याचं मशीन सगळं गेली कित्येक वर्षं अर्थिंगशिवाय चालत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

सोलर बसवणारा म्हणाला, यात मी माझी केबल जोडणार नाही. मामांना राग आला. "म्हंजे सोलर घ्यायचं तर घर नवं करायचं व्हय?" मला सोलरवाल्याची बाजू पटली. अशा पेटीत जोडून दिलं असतं आणि उद्या न्यूट्रल सुटला असता तर घरातल्या वस्तू जळाल्या असत्या, आणि नाव सोलरचं झालं असतं. नवी पत्र्याची पेटी, दोन पोलचा आयसोलेटर, आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की सगळं बंद करणारा स्विच), आठ एमसीबी, मजुरी धरून ९,३००. मीटरपासून घरापर्यंत नवी मेन लाइन आणि घराचं अर्थिंग नव्या पट्टीला जोडणं ३,५००. एकूण १२,८००. जीएसटीतले वाचलेले ८,४२८ इथे गेले आणि वरून चार हजार अजून.

हे १२,८०० सोलरच्या खात्यात टाकायचे का, यावर मामांचा आणि माझा अजून वाद आहे. माझ्या मते हे तीस वर्षांचं थकलेलं देणं होतं. सोलर निमित्त झालं इतकंच. मामांचं म्हणणं, सोलर आणलं नसतं तर ही पेटी अजून दहा वर्षं चालली असती. कदाचित चालली असतीही.

एक खर्च मात्र खोडला. बिलावर मंजूर भार कमी होता, आणि कागदपत्रं करणाऱ्या मध्यस्थाने "लोड वाढ आणि फीजिबिलिटी" म्हणून ३,५०० मागितले. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला आहे. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरचा अर्ज पूर्ण असेल तर तो तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आणि लागेल तेवढा भार वितरण कंपनीनेच वाढवून द्यायचा. ५ किलोवॅटपर्यंत त्यासाठी लाइन वा डीपी सक्षम करायची वेळ आली तर तो खर्चही ग्राहकाचा नाही. मी हे शांतपणे सांगितलं. मध्यस्थ म्हणाला, "मग राहू द्या, आपलेच मामा आहेत." आधी ते कुणाचे होते, हे विचारायचं राहिलं.

डीसी बाजूला पैसे वाढले नाहीत, वेळ मात्र गेला. सहा पॅनेलं एकामागे एक जोडली की उघड्या टोकांवर जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी असतं. एसीची ठिणगी विझते, कारण एसी सेकंदाला शंभरदा शून्याला येऊन जातो. डीसी शून्याला येतच नाही, ठिणगी लागली की जळत राहते. म्हणून डीसी पेटीतला एमसीबी डीसीचाच हवा आणि कनेक्टरचं क्रिंपिंग (पिन तारेवर दाबून बसवणं) पक्कं हवं. गच्चीवर मी प्रत्येक कनेक्टर हाताने ओढून पाहिला. बारापैकी एकाची पिन सरळ तारेसकट बाहेर आली. ती क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेली नव्हती, साध्या पकडीने चेपली होती. हत्यार पिशवीत होतं, पण पिशवी खाली राहिली होती आणि चहा झाल्यावर जिना उतरायचा कंटाळा आला होता. सगळे बारा माझ्यासमोर पुन्हा केले. ही चूक कोणत्याच कोटेशनात दिसत नाही, आणि गच्चीला आग लागते ती बहुधा अशाच जागी.

डिसेंबरअखेर मीटर बदलला आणि सोलर सुरू झालं. मामा दर तासाला मोबाइलवर युनिट बघायला लागले. मग जानेवारीत मामींचा फोन. "तुझ्या त्या सोलरनं माझं गरम पाणी गेलं बाबा."

आठवड्यात पाचदा सकाळी घरातली सगळी वीज गेली होती. शेजाऱ्यांकडे होती. आरसीसीबी पडायचा, वर केला की कधी राहायचा, कधी पुन्हा पडायचा. दुपारी एकदाही नाही. सोलरवाल्याने गीझरवर संशय घेतला आणि मामींनी दोन दिवस गीझर बंद ठेवला. तरीही पडला. रविवारी सकाळी साडेसातला मी पोचलो तेव्हा अजिंक्यतारा धुक्यात होता आणि पॅनेलवर दवाचे ओघळ. सात पन्नासला इन्व्हर्टर जागा झाला, हिरवा दिवा लागला, आणि खाली खट्ट.

कारण पेटी उघडल्यावर दिसलं. सोलरची केबल आरसीसीबीच्या घराकडच्या बाजूला जोडली होती. इलेक्ट्रिशियनला तिथला स्क्रू मोकळा सापडला, म्हणून तिथे. आत्ताच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमधून पॅनेलमार्फत जमिनीकडे थोडा गळतीचा करंट नेहमीच जातो, आणि काच ओली असली की तो वाढतो. घराचा आरसीसीबी माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे मुद्दाम हळवा. दव आणि सोलर मिळून तो भरायचा. उपाय साधा होता. सोलरची केबल घराच्या आरसीसीबीच्या आधी, मीटरच्या बाजूला घेतली आणि तिला स्वतःचा १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिला. २,३०० रुपये. मजुरी इलेक्ट्रिशियनने घेतली नाही, घ्यायला तोंडही नव्हतं. त्या दिवसापासून सकाळ बिनघोर आहे.

वहीतला हिशेब असा मिटला. केबलचे ३,२००, अर्थिंगचे ६,५००, पेटी आणि मेन लाइनचे १२,८००, आरसीसीबीचे २,३००. जास्तीचे एकूण २४,८००. कोटेशनातले २९,००० धरून इलेक्ट्रिकल काम ५३,८०० वर गेलं. जुन्या घराचं देणं बाजूला काढलं तर ४१,०००. संपूर्ण खर्च २,१२,१०८. अनुदानाचे ७८,००० नंतर बँकेत जमा होतात, म्हणजे आधी सगळे पैसे आपणच उभे करायचे. ते वजा जाता मामांच्या खिशातून १,३४,१०८. दोन लाख वीसवाल्याकडे गेलो असतो तरी फाटकापर्यंतचे ३८ मीटर आणि चार फुटांवरचा खडक तोच राहिला असता. स्वस्तवाल्याकडे गेलो असतो तर बहुतेक आत्ता इन्व्हर्टर बदलून मागत बसलो असतो.

स्वयंपाकघराची तीन-वीसची जुनी लाइन अजून तशीच आहे. नवी पेटी आली तरी तिथल्या प्लगला अर्थिंगची तारच नाही, भिंतीला झिरी मारून नवी ओढावी लागेल. इलेक्ट्रिशियनने अठरा हजार सांगितले आहेत. मामा म्हणतात पुढच्या वर्षी बघू. मामी म्हणतात पाडव्याच्या आत, आणि टाइल्स फुटता कामा नयेत.